केवळाबाईचा गारा

केवळाबाईच्या डोक्याला मधोमध टक्कल पडलंय. घमेल्यानं पाडलेलं. तीस वर्षं रोज त्याच जागी घमेलं टेकलं, चुंबळ असली तरी केस किती दिवस टिकतील? अहमदपूर ते मुखेड रस्त्याच्या दोन्ही अंगाला जेवढी पक्की घरं दिसतात, त्यातल्या कित्येकांचा गारा, म्हणजे विटा सांधायचा चिखल, तिनं कालवलाय. पण एक वीट तिनं स्वतः बसवली असं कुणी दाखवून द्यावं. बाईनं गारा कालवायचा, विटा द्यायच्या, पाणी मारायचं. थापी आणि भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा गवंड्याचा. ओळंब्याच्या दोरीला बाईचा हात लागला की भिंत कलते, असं तिकडचे मिस्त्री मानायचे. दगडोबा मिस्त्री तर जेवायला बसतानाही ओळंबा खिशात घालून बसायचा. त्याच्याच हाताखाली केवळाबाईची तीस वर्षं गेली.

गुडघे गेले तशी ती गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला लागली. नात विशाखा त्याच शाळेत आठवीला.

औंदा दिवाळीनंतर लातूरहून उज्ज्वला मॅडम आल्या. घरांचे नकाशे काढणाऱ्या, शिकलेल्या बाई. पोरांनी बांधकाम हातानं करून शिकावं म्हणून आठ दिवसांचं शिबिर. पहिल्या दिवशी पोरांनी रद्दीच्या सुरळ्या करून पूल केला आणि त्याच्यावर वह्यांचे गठ्ठे रचून बघितले. दुसऱ्या दिवशी बांबूचा मांडव. तिसऱ्या दिवशी विटांची खरी कमान, शाळेच्या बागेच्या तोंडाला. त्यासाठी हेडमास्तरांनी दगडोबाला बोलावलं. तो खुर्चीत बसून तंबाखू मळत पोरांना हुकूम सोडायला लागला.

खिचडीच्या शेडमधून केवळाबाईला राहवलं न्हाई. "मॅडम, डावा खांब भाईर चाललाय."

"केवळे, खिचडी करपंल तुझी," दगडोबा म्हणाला. पोरं खिदळली.

मॅडमनी स्वतःजवळचा ओळंबा सोडून बघितला. खांब दोन बोटं बाहेर होता. "मावशी, तुम्ही करता का?"

"बाईच्या हातात ओळंबा?" दगडोबा उठलाच. "मॅडम, कमान पोरांच्या डोक्यात पाडायची हाय का?"

एवढ्यानं मॅडम इरेला पेटल्या. "आता तर मावशीच करतील."

केवळाबाईनं हात पदराला पुसले. आधी खांब उतरवला. मग सात पोरी हाताशी घेऊन नव्यानं चढवला. "वीट नुसती ठिवू नका गं, दाबा. लेकरू निजवल्यावानी न्हाई, चोर धरल्यावानी." दिवस कलायच्या आत कमानीची मधली वीट बसली. ती वाळेपर्यंत पेलायला खाली लाकडी साचा, साच्याखाली दोन्ही अंगाला पाचरी.

"तीन दिस पाचरीला हात लावायचा न्हाई," तिनं पोरींना बजावलं. "काढायच्या तवा बी दोन्हीकडच्या बरुबर, जरा जरा."

मॅडम खूश झाल्या. "ही उभी राहिली तर सोमवारी रेणापूरच्या शाळेतल्या शिबिराला तुम्हीच चला. मिस्त्री म्हणून."

घमेलं न घेता कामावर जायचं, हे केवळाबाईला दोनदा विचारून घ्यावं लागलं. मग तिनं ते पाण्याच्या नळावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, मेलेल्या नवऱ्याच्या, ग्यानोबाच्या फोटोला सांगितलं. दगडोबाला कुणी सांगायची गरज पडली न्हाई. आधी रेणापूरला तोच जायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केवळाबाई पातेल्यापाशी पळी घेऊन उभी. दगडोबानं विशाखाला कमानीपाशी हाक मारली.

"विशाखे, आजीची कमान पोरांना दावायची का? ओढ ती पाचर. तुझाच मान."

"आजी तीन दिस म्हणली."

"हाव, शिमिटाला तीन दिस. ह्यो मातीचा गारा हाय, कवाच वाळला. मला जास्त कळतं का खिचडीवालीला?"

बघायला पंधरा-वीस पोरं जमली होती. विशाखा वाकली. दगडोबा दोन पावलं मागं सरला.

"हात लावू नको गं!" केवळाबाई ओरडली, पण एका अंगाची पाचर निघाली होती. साचा कलंडला आणि त्याच्यासंगं सगळी कमान खाली आली. एक वीट विशाखाच्या पायावर पडली. अंगठ्याचं नख उचकटलं.

मॅडम पळत आल्या. "पाचर कोणी काढली?"

"मिस्त्रीनंच सांगितलं," विशाखा रडत म्हणाली.

"भ्यालीय पोरगी, कुणावर बी ढकलून राहिली," दगडोबा शांतपणे बोलला. "म्या तर कालच म्हणलं होतं."

कुणाचं खरं, ते केवळाबाईला त्याच्या मागं सरलेल्या दोन पावलांवरून कळलं होतं. पण मिस्त्रीच्या कानाखाली वाजवायची सवय ह्या हाताला नव्हती. ती पुढं गेली आणि पाचर धरून उभ्या नातीच्या थोबाडीत दिली. पोरगी विटांवर बसली.

मॅडमचा चेहरा बदलला. कमान पडली तेव्हा बदलला नव्हता, तो आता बदलला. "मावशी, कमान पुन्हा बांधता आली असती. पण मुलांवर हात उचलणाऱ्या माणसाला मी शाळांत नेऊ शकत नाही."

"माझी नात हाय ती, मॅडम."

"तरीही."

दगडोबानं थापी उचलली, खिशातला ओळंबा काढला. "केवळे, गारा कालव."

ती गेली. वाळू चार घमेली जास्त टाकली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि कमान मिस्त्रीच्या नावानं कोसळली असती. वाळूचं घमेलं भरूनही घेतलं होतं. पण हातानं तसला गारा कधी कालवलाच नव्हता. माती चाळली, भुसा टाकला, पायानं तुडवून लोण्यावानी केला आणि एकेक वीट खालून वर देत राहिली. दगडोबानं तिच्याच मापानं खांब चढवले. पाचरी तीन दिवसांनी काढल्या, दोन्हीकडच्या बरोबर, जरा जरा.

कमान उभी हाय. वर रंगानं लिहिलंय: मार्गदर्शक, दगडोबा मिस्त्री. रेणापूरलाही तोच जाऊन आला.

बागेतल्या हौदाचं पाणी आणायला केवळाबाई कमानीखालून जात न्हाई, कुंपणाच्या फटीतून वाकून जाते. परवा विशाखा लंगडत कमानीखालून निघाली, तेव्हा केवळाबाई कुंपणापासूनच म्हणाली, "जा बिनघोर. पडायची न्हाई. गारा माझा हाय."

विशाखानं ऐकलं. थापड खाल्ल्यापासून ती आजीशी बोलत न्हाई. कमानीखालून तशीच लंगडत पुढं गेली.