एका पर्मनंट जागेची मुलाखत

आमच्या संख्याशास्त्र विभागात जागा निघाली, ही बातमी मला विभागानं नाही, आईनं सांगितली. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पेपर पहिल्यांदा आई वाचते, तोही मागून पुढं. आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून ती ओरडली, "आगं, तुज्या हापिसात जागा निघालीया, आन् तू हितं पोहे खात बसलीस व्हय?"

"हापिस काय गं, विद्यापीठ म्हण," असं म्हणत मी पेपर ओढून घेतला. सहायक प्राध्यापक, संख्याशास्त्र, पद एक. पोहे तसेच राहिले.

मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होते. हा शब्द ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक. त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास शिकवाल तेवढ्याचंच मानधन, आणि जून आला की नेमणूक संपली. मग परत अर्ज, परत मुलाखत, परत "आपला परिचय द्या." आणि हा परिचय द्यायचा कुणाला, तर काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्याच सरांना. माझ्या ओळखपत्रावर दुधाच्या पिशवीवर असते तशी मुदतीची तारीख असायची. गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी लागली की पर्मनंट मंडळी खुश, आणि आम्ही तासिकावाले तोंडं पाडून बसायचो. सुट्टीवर चिडणारी माणसं सबंध सोलापुरात आम्हीच असू.

तशी पर्मनंटची जाहिरात आधीही येऊन गेली होती. एकदा आचारसंहितेत अडकली, एकदा आरक्षणाच्या बिंदुनामावलीत, एकदा का अडकली ते कुणालाच कळलं नाही. मी पस्तिशी ओलांडली होती. ही गेली तर पुढची कधी, ते सांगायला ज्योतिषीच लागला असता, आणि शक्यतेचं गणित शिकवणारी बाई ज्योतिष्याच्या दारात उभी राहिली तर लोक काय म्हणतील? म्हणून सरळ सांगते, मला ती जागा हवी होती. लई हवी होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी दारावरची पाटी वाचत असे.

मुलाखती ठरल्या एप्रिलात. सोलापूरचा एप्रिल, म्हणजे बाहेरून येणारा उमेदवार स्टेशनवर उतरला की निम्मा तिथंच खचतो. मनातल्या मनात मी याला माझ्या जमेची बाजू धरलं होतं. पण विभागप्रमुख सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, खुर्च्या, कूलर, चहापाणी जरा तुम्हीच बघा की. तुम्ही काय, घरच्याच."

घरच्या! काम निघालं की घरच्या, आणि जाहिरात निघाली की उमेदवार. तरी सगळं केलं. स्वतःच्या स्पर्धकांसाठी माठ भरला, कूलर हलवून त्यांच्याकडं तोंड करून ठेवला. नांदेडहून एकजण रात्रभर प्रवास करून आला होता, त्याला आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली. तो खाता खाता म्हणाला, "मॅडम, जागा तुम्हालाच मिळो, पण ही चटणी मला मिळो." मला तो माणूस आवडला आणि म्हणूनच त्याची भीती वाटली.

आता माझी एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी शिकवताना दर तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करते. पोरांनी ती पकडायची आणि मोठ्यानं "चूक!" म्हणून ओरडायचं. पकडेल त्याला कँटीनचा चहा. या एका चहापायी माझ्या वर्गात कुणी डुलक्या काढत नाही. एकदा ओरडा ऐकून सर पळत आले होते, त्यांना वाटलं साप निघाला. आणि माझ्या चुका साध्यासुध्या नसतात बरं का. तिसऱ्या ओळीत एखादी अट गुपचूप गाळायची, ती सातव्या ओळीत पोरांना टोचली पाहिजे, अशी आमची कलाकुसर.

मुलाखतीत आधी दहा मिनिटं वर्गात शिकवून दाखवायचं होतं. समोर बाकांवर एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलं, म्हणजे माझीच मुलं, आणि मागच्या बाकांवर निवड समिती. मी ठरवलं, नुसतं शिकवायचं नाही, आपली पद्धतच दाखवायची. पोरं ओरडतील, समिती दचकेल, मग हसेल, आणि जागा माझी. मात्र ओरडा हमखास यायला हवा होता, म्हणून त्या दिवसासाठी मी चूक निवडली अगदी सोपी. नमुन्यावरून प्रमाण विचलन काढताना भागाकार एकूण संख्येनं करत नाहीत, एकानं कमी करून करतात. का ते विचारू नका, तुमचा दिवस खराब होईल. पण संख्याशास्त्राच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, ते "एन वजा एक" म्हणेल आणि कूस बदलून परत झोपेल. मी तिथं नुसता "एन" लिहायचा ठरवला.

लिहिला. खाली दोन रेघा ओढल्या. वळून थांबले.

कुणी ओरडलं नाही.

मी फळ्यावर खडू टकटक वाजवला. "बघा बरं नीट. सगळं पटतंय ना?"

"येस मॅडम!" सगळे एका सुरात.

पहिल्या बाकावर शहराच्या पूर्व भागातली, विणकर वस्तीतली एक मुलगी बसते. घरी यंत्रमाग, घरात तेलुगू, आणि माझ्या निम्म्याहून जास्त चुका एकटीनं पकडून चहा पिणारी. मी तिच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. तिनं माझ्याकडं त्याहून मोठे करून पाहिलं आणि होकाराची मान अशी जोरात हलवली की बाक हलला. मी म्हटलं, "हा भागाकार बघा, भागाकार!" तर मागचे दोघं तो वहीत उतरवून घ्यायला लागले. आयुष्यात कधी वहीला हात न लावणारे दोघं!

मागून समितीतले एक वयस्कर तज्ज्ञ उठले. दुसऱ्या विद्यापीठातून आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी मुलांनाच विचारलं, "काय रे, हे बरोबर आहे?"

"येस सर!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती तशीच जागेवर होती, उलट मलाच पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात घंटी वाजली. दहा मिनिटं संपली.

आतल्या मुलाखतीत मी सगळ्यात आधी तेच सांगितलं. "सर, ती चूक मुद्दाम केली होती. माझी पद्धतच तशी आहे."

तज्ज्ञांनी चष्मा खाली घेतला. "असं का? आमच्या वेळी चुका आपोआप व्हायच्या."

सगळे हसले. मीही हसले, काय करणार. मी म्हटलं, मुलांना बोलवून विचारा. समितीचे अध्यक्ष म्हणाले, तशी तरतूद नाही. तज्ज्ञ मात्र मनानं वाईट नव्हते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, मुद्दाम केलीत असं मानू. मग तुमच्या वर्गातल्या एकालाही ती कळली नाही, याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा?" चूक खरी म्हटली तर बाई कच्ची, मुद्दाम म्हटली तर पोरं कच्ची, आणि पोरं कच्ची म्हणजे परत बाईच कच्ची.

बाहेर आले तर पोरं व्हरांड्यात घोळक्यानं उभी. त्या मुलीनं मला लांबूनच "काळजी नको" असं खुणावलं. मी त्यांच्याकडं निघाले तोवर सरांनी चहाचे कप कमी पडले म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून पोरांना परीक्षेची सुट्टी लागली.

आईला घरी सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत पोळपाटावरचा हात थांबवून म्हणाली, "पर चूक करायचीच कशाला म्हन्ते मी! आमी सैपाकात मुद्दाम मीठ जास्त घालतो व्हय, पावण्यानं वळखावं म्हनून?" मी उठून आतल्या खोलीत गेले आणि पोटभर रडले. आई दाराशी येऊन उभी राहिली, पण आत आली नाही.

निकाल जूनमध्ये लागला. योग्य उमेदवार आढळला नाही, पद रिक्त. नांदेडवाल्याचा फोन आला, "मॅडम, आपण दोघंही अयोग्य. आता चटणी तरी पाठवा." आणि त्याच आठवड्यात आस्थापना विभागातल्या साहेबांचा फोन. "मॅडम, तासिकेचा अर्ज टाका लवकर. त्या रिकाम्या जागेचे सगळे तास तुमच्याच नावावर धरलेत."

मी म्हटलं, "साहेब, त्या जागेला मी योग्य नाही म्हणून समितीनं लिहून दिलंय."

"ते जागेला हो! तासांना तुमच्याइतकं योग्य दुसरं कोण हाय?"

असा संताप आला की फोन माठात बुडवावा. अर्ज टाकायचा नाही असं ठरवलं. दोन दिवस आईशीही बोलले नाही. मग टाकला. मला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते मला फार आवडतं, हे माझं दुखणं आहे.

जुलैत दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिरले, तर तीच पोरं. उभी राहिली, हसली. माझा बांध फुटला. "बसा खाली! हसता काय? कळतंय का तुम्हाला काय केलंत ते? मी मुद्दाम चूक केली, आणि रोज बोंब मारणारे तुम्ही, त्याच दिवशी दातखीळ बसली तुमची? माझी नोकरी गेली त्यात! पर्मनंट नोकरी!"

पहिल्या बाकावरची ती मुलगी उठली. तिचे डोळे भरले होते.

"मॅडम, आम्हाला दिसली होती की चूक. सगळ्यांना दिसली."

"मग?"

"मॅडम, तुमच्या चुका लई अवघड असतात. इतकी सोपी चूक तुम्ही मुद्दाम कधीच करत नाही. आणि तुमचा हात थरथरत होता, मॅडम. फळ्यावरची रेघसुद्धा वाकडी आली होती. आम्हाला वाटलं, तुम्ही खरंच चुकलात. मग तुम्ही भागाकार बघा म्हणालात, तर वाटलं घाबरून म्हणताय. म्हणून आम्ही बाकाखालून एकमेकांना पाय मारले आणि ठरवलं, कुणी बोलायचं नाही."

माझा हात थरथरत होता हे मला माहीतच नव्हतं. समितीला फळा दिसला होता, तज्ज्ञांना एन दिसला होता. मी टेबलाला टेकले. इतकं कुणी माझ्याकडं कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. आणि त्याच बघण्यानं माझी जागा गेली होती. रागवायचं तर कुणावर?

"जाहिरात परत येईल," मी शेवटी म्हटलं. "आली की मी परत अर्ज करणार. तेव्हा बाकांवर तुम्ही असाल नाहीतर तुमच्या मागची पोरं, पण त्यांना सांगून ठेवा. चूक दिसली की ओरडायचं."

मागून कुणीतरी घाबरत घाबरत विचारलं, "आणि हात थरथरत असला तर, मॅडम?"

"थरथरेलच," मी म्हटलं. "तरी ओरडा."