वेशीतल्या बाईचे हात

रेल्वेचा गार्ड आमच्या होटगीच्या क्वार्टरच्या दारात टोपी काढून उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. "वैनी, सोलापुरात तुमचे दाजी वारले," एवढंच तो म्हणाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. बोलणं कमी, हट्ट फार. बहिणीला, म्हणजे अक्काला, मूलबाळ नव्हतं. त्यामुळं गल्लीतल्या बारशाचं बोलावणं सगळ्या घरांना जायचं, ते अक्काचं दार सोडून. ती आपली शेजारच्या मागांसाठी कांड्यांवर सूत भरत बसायची. ती गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. लग्नातला होता, त्यात तोंडावर मुंडावळ्या...

पुढं जुन्या वेशीची डागडुजी निघाली. तिथल्या रिकाम्या कोनाड्यात काहीतरी शिल्प बसवायचं ठरलं. मंडळींना घोड्यावरचा वीर हवा होता. दाजींनी भांडून सिमेंटची, कांड्या भरणारी बाई केली. पडदा सरला. अक्काच होती ती! तीच हनुवटी, तेच ओठ मुडपणं.

पण आपलं सोलापूर नुसतं बघून गप्प बसतंय होय? कुणीतरी कुंकू लावलं, मग हळद, मग तेल-शेंदूर. बाळंतिणी लेकरं घेऊन यायला लागल्या. दाजी रोज सकाळी बादली आणि अक्काच्या जुन्या इरकली लुगड्याचं फडकं घेऊन जायचे, चेहरा पुसून यायचे. एकदा मीही बरोबर होते. एक म्हातारी आडवी आली.

"मास्तर, देवीचं तोंड पुसताय व्हय? पाप लागंल की."

"देवी न्हाय ती. माजी बायको हाय."

"आसंल. पर माज्या नातवाचा ताप हितंच उतरला."

दाजींचा हात थांबला. फडकं पिळून ते घरी आले. मग म्हणाले, "जिला बारशाला कुणी बोलावलं नाही, तिच्या पायावर आता लेकरं घालतात गं... राहू दे तो शेंदूर."

मी चिडले. म्हटलं, दाजी, अक्काचा दुसरा चेहरा आहे का आपल्याकडं? दुसऱ्या दिवशी ते वेशीतल्या बायांना सांगून आले, "तोंड तुमी घ्या. हात तेवढे मला ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून ते फक्त हात पुसायचे. बघता बघता शेंदराखाली हनुवटी गेली, ओठ गेले. मला त्याचा राग आला होता, अजून आहे. अक्का कशी दिसायची ते नीट सांगणारा माणूसही आता गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी बादली आणि फडकं घेऊन वेशीत गेले. हातांवरही शेंदूर चढला होता, कांडीसुद्धा दिसेना. पुढं एक पोरसवदा बाई तान्हं घेऊन बसली होती. ती सरकून म्हणाली, "या मावशी, पाया पडा की. लई गुणाची हाय ही."

"व्हय, होती," मी म्हटलं, आणि बादलीतलं पाणी कडेला ओतून दिलं.

फडकं दाजींच्या दारामागच्या खिळ्याला परत अडकवलंय. वाळून कडक झालंय.