स्तूपावर पडणारा उजेड

फजितीचे किस्से सांगत फिरणाऱ्यातला मी नाही. पण चहा आलाय आणि ब्लॉगचा विषय तुम्हीच काढलात, तर ऐका. ही माझी स्वतःची, शंभर टक्के स्वकष्टार्जित फजिती आहे.

मी चारकोपला राहतो आणि अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. बौद्ध लेण्यांवर माझा प्रबंध आहे. तो किती जणांनी वाचला? मी, माझे गाइड आणि बाइंडिंगवाला. बाइंडिंगवाल्याची खात्री नाही. म्हणून आमच्या प्रिन्सिपल देसाई मॅडम म्हणाल्या, "राणे, ब्लॉग लिहा. हा इतिहास लोकांपर्यंत जाऊ दे. जमलं तर कॉलेजच्या वेबसाइटवर घेऊ आणि परीक्षा विभागाचं काम तुमच्याकडून काढून घेऊ."

परीक्षा विभागाचं काम म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मी त्याच दिवशी लिहायला बसलो.

पहिले तीन लेख कोणी वाचले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "जरा रंगवून लिहा हो." मग मी मरोळजवळच्या टेकडीवरच्या लेण्यांवर लिहिलं. तिथे एका लेण्यात दगडी जाळी आहे आणि जाळीमागे स्तूप. मी लिहिलं, 'संध्याकाळी या जाळीतून उन्हाची तिरीप आत शिरते, स्तूप सोन्याचा होतो आणि माणूस बोलायचा थांबतो.'

समोर आई भेंडी चिरत बसली होती. तिला वाचून दाखवलं. आई मालवणची.

"बरा लिवलंस," ती म्हणाली. "पण तू थंय कधी गेललंस?"

"आई, नकाशे असतात, जुने अहवाल असतात. संशोधनाला प्रत्येक ठिकाणी जावं लागत नाही."

"तुझ्या कॉलेजाकडसून रिक्षान धा मिनटां लागतत," एवढं बोलून तिने पुढची भेंडी घेतली.

लेख मात्र धावला. सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी कमेंट टाकली, 'सर, मीही हा उजेड अनुभवलाय.' कुठे अनुभवला, देव जाणे. मग सुनंदा गायकवाड नावाच्या बाईंनी विचारलं, 'सर, मी मरोळची. हा उजेड किती वाजता येतो?'

आता इथे गप्प बसायचं की नाही? मी लिहिलं, 'डिसेंबरात, पाचच्या सुमारास.'

'मी इतकी वर्षं जाते, मला कधी दिसला नाही.'

'ताई, त्याला सूक्ष्म निरीक्षण लागतं.'

हे वाक्य आठवलं की माझे कान अजून गरम होतात.

कमेंट मॅडमनी वाचल्या आणि खूश झाल्या. "डिसेंबरातल्या रविवारी वाचकांना घेऊनच जाऊ. मीही येते. ब्लॉगचं तिथेच नक्की करू." वाट लागली म्हणतात ती अशी लागते. आधी एकदा गुपचूप जाऊन का नाही आलो, असं विचारताय ना? परीक्षा विभाग होता ना यार.

रविवारी वीसेक माणसं जमली. सुनंदाबाई साठीच्या, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगमधून रिटायर झालेल्या. पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली. मी पुढे, ताठ मानेने. दोनदा त्या हळूच म्हणाल्या, "सर, इकडून." दोन्ही वेळा मी म्हणालो, "तिकडूनच नेणार होतो."

पाच वाजता आम्ही जाळीसमोर उभे. सगळ्यांचे मोबाइल वर. आत मिट्ट काळोख. सव्वापाच झाले. "ढग असतील," मी म्हणालो. बोरिवलीकर बाहेर जाऊन आकाश बघून आले. ढग नव्हते.

सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, संध्याकाळचं ऊन टेकडीच्या त्या अंगाला असतं. इथे बारा महिने असंच असतं."

"राणे," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कधी पाहिलात?"

"मॅडम, मी आज पहिल्यांदाच आलोय."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की तो काळोख मला कमी पडत होता.

"असू दे सर," सुनंदाबाई म्हणाल्या. "बसा सगळे. इथे बघायचं नसतं, ऐकायचं असतं." वडिलांबरोबर लहानपणापासून त्या दर बुद्धपौर्णिमेला इथे यायच्या. वडील फिटर होते, जाळीला हात लावून म्हणायचे, हे काम ज्याने केलं त्याची हत्यारं बघायला हवी होती. मग बाईंनी वंदना म्हटली. साधाच आवाज, पण तो स्तूपाला फेरी मारून परत आला. सगळ्यांचे मोबाइल खाली आले. माझ्या तीनशे पानांच्या प्रबंधात आवाजाबद्दल एक ओळ नाही हो.

पायऱ्या उतरतानाच मॅडमनी निकाल दिला. ब्लॉग कॉलेजच्या वेबसाइटवर गेला. लेखिका, सुनंदा गायकवाड. बाई दर शनिवारी फोनवर सांगतात आणि मी टाइप करतो. माझं नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरात आहे आणि परीक्षा विभाग अजून माझ्याकडेच आहे. वाचक वाढलेत, भरपूर वाढलेत.

गेल्या आठवड्यात त्यातल्या एकाने लिहिलंय, 'बाई, लेख झकास. तेवढा टायपिंगवाला बदला.'