खोड दाखवायला नेलेली गाडी

काकांनी बैलजोडी देऊन मोटारगाडी घेतली तेव्हा मी खळ्यावर हजर होतो. पुढे जे झाले त्यात साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली ती एवढ्याच कारणाने. मी शहापुरात राहून तालुक्याच्या बातम्या पाठवत असे, हे दुसरे कारण. बातम्या पाठवणाऱ्याला पाहिलेले नीट सांगता येते, असा आमच्या घरात समज आहे.

गाव किन्हवलीच्या पलीकडे. भात झोडून झाले होते, पेंढा रचला होता आणि मळ्यात वाल उगवून आला होता. मुरबाडकडचा एक माणूस जुनी पांढरी गाडी घेऊन आला. त्याला छकड्याच्या शर्यतीसाठी बैल हवे होते. माझ्या चुलतभावाला गाडी हवी होती. नांगरणी पॉवर टिलरने होऊ लागल्यापासून बैल वर्षाचा बराच काळ बसून खात आणि तो मोटारसायकलवरून थंडीत कामावर जाई, हा त्याचा मुद्दा. काकीचाही गाडीला विरोध नव्हता. काकांना काय हवे आहे हे कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

काकांना खरेदीची एकच रीत ठाऊक होती, ती बैलाची. त्यांनी गाडी पुढे चालवून पाहिली, मागे चालवून पाहिली, चढावर उभी करून पाहिली. मग बोली घातली : म्हसाच्या गुरांच्या जत्रेच्या आत खोड निघाली तर ज्याचे त्याने परत न्यायचे. यात दोन गोष्टी बोलून दाखवाव्या लागत नाहीत, त्या सर्वांना माहीत असतात. खोड विकणाऱ्याच्या दारात दाखवायची असते. आणि तोवर जनावराला औषध करायचे नसते. औषध दिलेला बैल कोणी परत घेत नाही. मुरबाडवाला हसला. गाडीला अशी बोली त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी. पण शेजारीपाजारी बघत होते. त्याने हातावर हात दिला आणि जोडी टेम्पोत चढवून नेली.

त्या रात्री काका जेवले नाहीत, दुसऱ्या रात्रीही पुरते जेवले नाहीत. “बैल गेलं नि ह्यांचा जेवान गेला,” काकीने मला सांगितले. “रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात. मी बोलली, गाडी बांधा तिथं. तर माझ्यावरच भडकलं.”

मग थंडी पडली आणि गाडी सकाळी ओरडू लागली.

आवाजाचे वर्णन जमेल तितके करतो. चावी फिरवली की आधी एक लांब किंकाळी येई, पट्टा घसरल्यासारखी. ती विरत आली की आतून बारीक टकटक सुरू होई. गाडी किन्हवलीच्या नाक्यापर्यंत गेली की दोन्ही बंद. उन्हे चढल्यावर गाडी दिवसभर मुकी. दव पडले नसेल, थंडी कमी असेल, तर सकाळीही काही नाही.

शेकोटीभोवती बसलेले लोक चहाचे कप घेऊन बॉनेटजवळ येऊन ऐकत. एकाचे मत पडले की पोटात वारा धरला आहे. दुसरा म्हणाला, दात खाते. काका बॉनेटवर तळहात टेकून डोळे मिटून उभे राहत, गाभण गाईच्या कुशीला हात लावतात तसे. गाडी पहिल्यांदा ओरडली त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त खाऊन उठले.

“खोड हाय,” ते मला म्हणाले. “आयकलास ना तू?”

“ऐकली.”

“मंग झाला. तू साक्षी.”

चुलतभावाला आवाज ऐकू येत नसे. त्याचे कान चांगले होते. त्याला फक्त गाडी ठेवायची होती. “इंजिन म्हटला की आवाज येणारच, बाबा. तुमी सकाळी उठताना करता तसा.”

त्याने एके दिवशी कामावरून येताना गाडी गुपचूप किन्हवलीच्या मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकले. निदान सरळ होते. किंकाळी जुन्या पट्ट्याची, टकटक टॅपेटची. ऑइल जुने झाले आहे, थंडीत घट्ट होते, वर चढायला वेळ लावते. त्याने पट्टा बदलून दिला आणि ऑइल बदलायला परत बोलावले.

दुसऱ्या सकाळी किंकाळी आली नाही. काका तीन वेळा गाडी बंद-चालू करायला लावून ऐकत राहिले. मग त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिले.

“औषध पाजलास?”

“पट्टा बदलला फक्त.”

“माझ्या गाडीला औषध पाजलास!”

त्यांनी मला बरोबर घेतले आणि गाडी घेऊन आम्ही तसेच किन्हवलीला गेलो. मेकॅनिकला वाटले, काम बिघडले म्हणून भांडायला आलो. काका म्हणाले, काम चांगले झाले आहे, तेच काढायचे आहे. जुना पट्टा भंगाराच्या डब्यात सापडला. मेकॅनिक तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला.

“काका, आवाज काढायला माणसं येतात. बसवायला आलेले तुमी पयले.”

“तू बसव. जसा व्हता तसा.”

“आणि तुटला तर?”

“तुटला तर अजून बरा.”

पट्टा परत बसला. सकाळी गाडी ओरडली आणि काका चहा प्यायले. मुलाने त्यानंतर औषधाचे नाव काढले नाही. गाडीची चावी काकांच्या कमरेला राहू लागली.

खोड दाखवायला आम्ही पहिल्यांदा गेलो ते गाडी चालवत. मुरबाडवाल्याचे घर सरळगावच्या पुढे, रस्त्याला लागून. तो अंगणात आला, गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. इतक्या वाटेने तापलेले इंजिन लोण्यासारखे चालले. काकांनी मला बोलायची खूण केली. मी सांगितले की आवाज थंडीत, सकाळी, पहिल्यांदा चालू करताना येतो.

“मंजे गाडी चालत नसली की खोड हाय,” मुरबाडवाला म्हणाला, “नि चालली की नाय. अशी खोड माझ्या मेव्हण्यात पण हाय.”

परसात बैल बांधलेले दिसत होते. त्यांतल्या तांबड्याने मान वर केली. काका तिकडे गेले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, “गार न्यायची.”

गाडी गार कशी न्यायची यावर घरी दोन दिवस चर्चा चालली. टेम्पोत घालून न्यावी, तर गचक्यांनी आवाज जागचा हलेल अशी काकांना भीती. ट्रॅक्टरने ओढावी, तर ट्रॅक्टरचा धूर थेट बॉनेटवर येऊन गाडी गरम होईल. शेवटी गावात उरलेली एकच जोडी शेजाऱ्याकडून मागून आणली, गाडीच्या पुढच्या हुकाला दोर बांधला, जू ठेवले, आणि इंजिन न लावता आम्ही निघालो. चुलतभाऊ स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, काका बैलांच्या पुढे कासरा धरून. बॉनेटवर काकीने ओले पोते टाकले होते.

वाटेवर वर्दळ होती. जत्रा जवळ आल्यामुळे जनावरे म्हसाकडे निघाली होती आणि आमची मिरवणूक त्यांच्यातच मिसळली. लोक थांबून विचारत.

“पेट्रोल लय वाढला काय?”

काका उत्तर देत नसत. शेंद्रूणच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने पिच्छा सोडला नाही तेव्हा म्हणाले, “नांदत नाय. माहेरी सोडायला चाललोय.”

“पदरात काय हाय?” म्हाताऱ्याने गाडीत डोकावून विचारले.

“दोन पोरं,” काका म्हणाले.

एका दलालाने जोडीचा भाव विचारला आणि मागचे पण धरून का, अशी चौकशी केली. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ पाहत होती. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा कडक झाला होता आणि चुलतभाऊ दोन्ही पाय त्याच्यावर देऊन जवळजवळ उभा होता. नदीच्या पुलावर बैलांना विसावा दिला. तिथे तो घाम पुसत म्हणाला :

“बाबा. आपण संध्याकाळी पोचणार. गाडी रात्रभर त्यांच्या अंगणात ऱ्हाणार. सकाळी चालू करणार.”

“हां. मंग?”

“मंग चालवत नेली असती तरी सकाळी गारच झाली असती ना?”

दोन दिवसांच्या चर्चेत चार मोठी माणसे होती, त्यांपैकी एक मी, आणि हे कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. काकांनी बैलांकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, पुलाखालच्या पाण्याकडे पाहिले.

“आता अर्धा रस्ता आला,” ते म्हणाले आणि कासरा उचलला.

दिवस मावळताना पोचलो. मुरबाडवाल्याने आम्हाला पाहून डोक्याला हात लावला, पण जेवू घातले. त्याची म्हातारी आई, बायको, सगळ्यांनी आग्रह केला. काकांनी अर्धी भाकरी खाल्ली. त्यांची नजर परसाकडे होती. ते मला हळूच म्हणाले, “वाळवली त्यानं जोडी. जत्रेत नेणार विकायला. पळत नाय म्हनतो. त्यांना पळायला कोनी शिकवला?” म्हणजे उद्याची सकाळ हीच त्यांची एकमेव संधी होती. उद्या खोड दिसली नाही तर बैल जत्रेत जाणार आणि कुठल्या गावाला गेले ते कळणारही नाही.

सकाळी जाग आली ती उकडल्यासारखे होऊन. आभाळ भरून आले होते. दव नव्हते, वारा नव्हता, थंडी नव्हती. शेकोटीची गरज नसल्याने कोणी पेटवली नव्हती. काका गाडीजवळ उभे होते, हात बॉनेटवर.

मुरबाडवाल्याने चावी फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली आणि लोण्यासारखी चालली. सगळे ऐकत होते. आवाज नाही.

“पेपरवाले,” तो मला म्हणाला, “तुमी साक्षी ना? सांगा.”

मी सांगितले : आधी किंकाळी, मग टकटक, थंडीत रोज.

“कशी किंकाळी?”

मला ती काढून दाखवता आली नाही. मी म्हणालो, लांब, पट्टा घसरल्यासारखी. सांगताना मलाच ते पटण्यासारखे वाटले नाही.

मग काका पुढे झाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मला दिली, बॉनेटसमोर उभे राहिले, मान थोडी वर केली आणि आवाज काढला. आधी “चींऽऽऽ,” मग जिभेने “टक टक टक टक.” सत्तरी ओलांडलेला माणूस लोकाच्या अंगणात गाडी झाला होता. चुलतभाऊ खाली पाहत होता. मग तोही, ज्याला महिनाभर आवाज ऐकू येत नव्हता, म्हणाला, “चीं अजून लांब असतो, बाबा.”

काकांनी पुन्हा काढला. अजून लांब.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या म्हातारीने सूप खाली ठेवले. “नाय रे भावा,” ती म्हणाली, “असा नाय. चीं झाला की मधी जरा गप होते. मंग टकटक. माझ्या खोलीच्या भिंतीलाच उभी असायची ना.”

“गप कुठं होते, आत्या?” आतून सून म्हणाली. “ ‘खर्र’ करते. चीं, खर्र, मंग टकटक. माझा दूध रोज त्याच टायमाला उतू जायचा.”

“खर्र पावसात करते, आता नाय.”

“आता बी करते!”

मुरबाडवाला गाडीतून बाहेर आला होता. दोघी चुकीचे सांगत आहेत हे त्याला सहन होत नव्हते, ते त्याच्या तोंडावर दिसत होते. “खर्र स्टार्टरचा,” तो म्हणाला. “तो आधी. खर्र, चींऽऽऽ, मंग गप, मंग टकटक.” त्याने तो क्रम तोंडाने काढून दाखवला, आणि मला सांगितलेच पाहिजे, तो सगळ्यांत हुबेहूब होता.

म्हातारीने सूप पुन्हा मांडीवर घेतले.

काकांनी माझ्या हातातली टोपी घेऊन डोक्यावर घातली. मुरबाडवाला गाडीच्या छतावर बोटे वाजवत उभा राहिला, मग परसाच्या दिशेने हात केला. “न्या.”

गाडी तिथेच सोडून परतताना दोन जोड्या आणि आम्ही तीन माणसे चालत होतो. चुलतभाऊ सरळगावला टमटममध्ये बसला. त्याची मोटारसायकल घरी होती आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी. जाताना त्याने तांबड्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “बस आता आरामात खात.”

घरी काकीने बैलांवरून भाकरतुकडा ओवाळला. पण काकांनी जोडी गोठ्यात नेली नाही. अंगणातल्या आंब्याला बांधली, पाहुण्याची बांधतात तशी.

“आता काय?” काकीने विचारले.

“खोड दिसली नाय अजून. तोंडानं सांगितली.”

“अवो, त्यानंच काढून दाखवली ना?”

“गाडीनं नाय दाखवली.”

आभाळ दोन दिवस राहिले. बैल दोन दिवस आंब्याखाली. मी शहापूरला परत जाणार होतो, पण राहिलो. तिसऱ्या सकाळी थंडी पडली, गवतावर दव दिसले आणि माझा फोन वाजला. मुरबाडवाला होता. तो म्हणाला, “थांबा, आयका,” आणि फोन बहुधा बॉनेटजवळ धरला. मी स्पीकर लावून फोन काकांच्या हातात दिला.

खर्र. किंकाळी. मग थोडी शांतता, मग टकटक. मागे म्हातारी कोणाला तरी सांगत होती, “बघ, मधी गप झाली का नाय.”

काकांनी सगळे शेवटपर्यंत ऐकले. “हाच,” ते फोनमध्ये म्हणाले, फोन मला दिला, आणि आंब्याखालच्या जोडीचे दोर सोडून तिला गोठ्यात घेऊन गेले.