बारीक आकडा वाचणारे तुळशीरामकाका

पवनीहून तुळशीरामकाकांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. "बाई, बाबा गेले... चहा मांगतला अन् तसेच टेकले," एवढंच ती बोलू शकली. त्याला आता महिना झाला.

काकांचं घर मासेमारांचं. भाऊ वैनगंगेत जाळी टाकायचे, काका मात्र जन्मभर सायकली दुरुस्त करत बसले. आमची ओळख आईच्या सायकलीमुळे झाली. आई अड्याळच्या दवाखान्यात नर्स होती. एक परदेशी डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना आपली सायकल तिला देऊन गेल्या, आणि त्याच सायकलीनं आई गावोगाव बाळंतपणं करायला गेली. ऐंशीव्या वर्षी तिची नजर अधू होऊ लागली. डोळ्यांपुढे पुरता अंधार होण्याआधी ती पडून राहिलेली सायकल पुन्हा चालताना तिला दिसावी, म्हणून मी एका दुकानातून घाईघाईनं सव्वीस इंची टायर बसवून घेतले. दुसऱ्याच दिवशी उतारावर पुढचा टायर रिममधून निसटला आणि माझं कोपर फुटलं. मग कुणीतरी काकांचं नाव सुचवलं.

काकांनी जाळ्याचा दोरा रिमच्या खाचेत गुंडाळून माप घेतलं आणि तोच दोरा टायरच्या आतल्या कडेला लावला. दोरा बोटभर कमी पडला; टायर रिमपेक्षा मोठा होता. "दोन्ही सव्वीसच आहेत ना?" मी विचारलं.

काकांनी टायरवर छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हा मोठा आकडा बाजाराचा, बाई. रिमचा आकडा हा बारीक. थो कोणी वाचत नाही."

"खाली कापडाची पट्टी घालून नाही का चालणार? आईला एकदाच बघायचीय."

काकांनी दोरा गुंडाळून खिशात टाकला. "माह्या भावाच्या सायकलीले मीच तसा टायर बसवला होता. हात मोडला त्याचा. जाळं फेकाचा हात होता थो..." तो भाऊ त्यानंतर पुन्हा जाळं घेऊन डोंग्यात बसला नाही.

पुढचे चार महिने काका टायर शोधत होते. चिखल्याच्या खाणवसाहतीत तसलीच एक सायकल आहे असं कळल्यावर एसटीनं तिथवर गेले. टायर मापाचे निघाले, पण रबर तडकलेलं. काका रिकाम्या हातानं परतले. मी चिडलेच. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलेल्या बारीक आकड्यावरून माझ्या भाचीनं पुण्याहून टायर पाठवले.

काका आमच्या अंगणात येऊन बसले. साबणाचं पाणी आणि दोन अंगठे, बाकी काही नाही. टायरच्या कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसेना, तेव्हा दोनदा हवा सोडून त्यांनी पुन्हा टायर बसवला. मग आईनं हँडल धरलं आणि मी अडवायच्या आत ती सीटवर बसली. काका कॅरिअर धरून मागे धावत होते. "मी धरून आहो, माय."

"सोडा हो," आई म्हणाली. त्यांनी सोडलं. तिनं एकटीनं अंगणाला फेरी मारली... आता तिला दिसत नाही, पण ती फेरी ती अजून सांगते.

फोन आल्यानंतरच्या रविवारी मी त्याच सायकलीनं पवनीला गेले. काकांच्या पत्नी यमुनाकाकू बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मी निघाले, तर त्या माझ्याआधी सायकलीपाशी गेल्या. वाकून त्यांनी पुढचा टायर अंगठ्यानं दाबला, मग मागचा.

"थे कोनालेबी असं पाहाल्याबिगर जाऊ देत नव्हते," त्या म्हणाल्या. "जा आता. हवा बरोबर आहे."