डिंक तळण्याआधीचा मेसेज
शेजारी कुणीतरी तुपात डिंक तळतंय आणि मला सोनईतल्या आमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवतेय. ताईला नगरच्या दवाखान्यात सिझेरियनसाठी आत नेलं होतं. दाजी मेसेज टाकणार होते. लाडवांसाठी डिंक, खोबरं, खारीक सगळं ओट्यावर मांडलेलं, पण बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळेपर्यंत गॅस पेटवायचा नाही, हा आईचा नेम. तेवढ्यात तिचा मोबाईल टिंग वाजला. दोघंही झेपावलो. ‘तुमच्या फोनला धोका आहे, लगेच इथे दाबा.’ पुन्हा टिंग, पुन्हा धोका. दर वेळी आईचा चेहरा उतरायचा. कांद्याचे भाव बघताना कुठल्याशा वेबसाइटने ‘सूचना पाठवू का?’ असं विचारलं होतं आणि हिने होकार दिला होता. मी चिडलो, तर म्हणाली, “इतक्या अदबीनं इचारलं, न्हाई कसं म्हनायचं?” मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटच्या सूचना ब्लॉक केल्या. फोन गप्प झाला आणि ती शांतताच खायला उठली. “जावईबापूंचा निरोप बी अडवलास का काय?” “नाही गं, तो वेगळा,” म्हणालो खरा, पण मीही ते सेटिंग पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मग एकदाच टिंग वाजलं. आईने मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही, स्वतःचाच नेम मोडून आधी गॅस पेटवला, कढईत तूप सोडलं आणि मग म्हणाली, “आता वाच.” दाजींचाच मेसेज होता: मुलगी झाली, दोघी सुखरूप. भाची आता शाळेत जाते, पण या वासाने अजूनही आधी छातीत धस्स होतं, मग तोंडाला पाणी सुटतं.