सात जणींची भांडी

मानखुर्दच्या त्या बिल्डिंगीत द्रौपदीच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने परतलं नव्हतं. साखर, गॅसचा सिलिंडर, ठेवणीतली साडी, मागेल ते. नवऱ्याचं, भीमराजचं, सगळं उलटं. पाहुण्याने दुसरा चहा घेतला तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं, आणि त्याचा टेम्पो सख्ख्या भावालाही मिळायचा नाही.

महिला मंडळाची मोठी भांडी मात्र द्रौपदीच्या ताब्यात होती. सात जणींनी पोटाला चिमटा काढून घेतलेली. एकदा तिने दयेपोटी एक टोप बाहेर दिला, तो बूड जळून परत आला, आणि बाकीच्या सहा जणींनी वर्षभर तिला टोचून टोचून हैराण केलं. तेव्हापासून नियम झाला: सभासद नसेल त्याला भांडं नाही.

शेजारच्या विमलाचा नवरा गेला. रविवारी त्याच्या पुण्यानुमोदनाचं जेवण होतं. ती टोप मागायला आली. ती सभासद नव्हती.

“माझं असतं तर आत्ता उचलून दिलं असतं गं,” द्रौपदी म्हणाली. “माझी घरची सगळी पातेली ने. मी स्वतः रांधायला, वाढायला येते. पण मंडळाचं मला देता येत नाही.”

“शंभर माणसांचं तुमच्या पातेल्यांत भागेल?” असं म्हणून विमला तरातरा निघून गेली.

शनिवारी विहाराच्या बैठकीत भीमराज उठून उभा राहिला. “भांडी मी देतो! दुःखातल्या बाईला नाही म्हणणारे आपण कोण?”

टाळ्या पडल्या. बायकांच्या कष्टाच्या वस्तूवर हा माणूस दानशूर होत होता! द्रौपदीचं डोकंच फिरलं.

“आधी स्वतःचा टेम्पो द्या,” ती सगळ्यांसमोर कडाडली. “उद्या तिची गावची माणसं कुर्ला स्टेशनवरून आणायचीत.”

“टेम्पोला उद्या भाडं आहे,” तो पुटपुटला.

तिला वाटलं, आता तरी लोकांना कळेल. कुणालाही काही कळलं नाही. चारचौघांत नवऱ्याची अब्रू घालवली म्हणून बायकाच तिच्यावर तुटून पडल्या. मंडळातल्या सहा जणी त्यांत पुढे होत्या. त्यांनीच तिच्याकडून भांड्यांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली आणि सगळी भांडी विमलाकडे पोचवली.

रविवारी द्रौपदी पदर खोचून मांडवात गेली. पहिल्या पंगतीत भीमराज बसला होता आणि सहा जणी त्याला आग्रह करकरून वाढत होत्या. तिने भाताची बादली उचलली. विमलाने येऊन ती तिच्या हातातून काढून घेतली.

“राहू द्या, ताई. वाढायला मंडळाची परवानगी घेतलीत का?”